तुझ्या वाटची गोळी

जगात आजवर अंगरक्षकांवर जे थोर चित्रपट निघाले, त्यांत आमच्या सान एलिहियो गावात निघालेला 'तुझ्या वाटची गोळी' हा अग्रगण्य मानावा लागेल. निर्भीड समीक्षकांचं असं स्पष्ट मत आहे. समीक्षक मीच आहे. कथा, पटकथा, संवाद आणि दिग्दर्शनही माझंच असल्यामुळे हा चित्रपट माझ्याइतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. आणि निर्भीडपणाचं म्हणाल, तर गावच्या पाणीपुरवठा कचेरीत मी एकवीस वर्षं मीटर विभाग सांभाळतो आहे. ज्याने भल्याभल्यांचं त्यांच्या तोंडावर पाणी तोडलं, त्याला समीक्षेची काय भीती?

या चित्रपटात एकही गोळी नाही, असा एक क्षुद्र आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. त्याचा समाचार मी यथावकाश घेईन.

सुरुवात झाली ती माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे नानाय बासिल्यांच्या चौऱ्याऐंशीव्या वाढदिवशी. दीर्घायुष्यासाठी करतात त्या लांबलचक शेवया खाऊन सगळं कुटुंब आमच्या बेटामॅक्स व्हिडिओसमोर बसलं होतं. या यंत्राबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी व्हीएचएस घेतलं, तेव्हा मी एकट्याने बेटामॅक्स घेतलं. शेजारचे वकील, अटर्नी बिबियानो, तेव्हा कुंपणावरून म्हणाले होते, "पोल्दो, आमची टेप तुझ्या यंत्रात शिरणार नाही. एक दिवस पस्तावशील." मी म्हणालो होतो, "अटर्नी, चित्र स्वच्छ कुणाचं, याचा निकाल काळ देईल." काळ अजून विचार करतो आहे.

पडद्यावर कुया पान्योंगचा एक जुना चित्रपट चालू होता. एपिफानियो बागाबाल्दो ऊर्फ कुया पान्योंग हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ; कुया म्हणजे दादा. मनिलाच्या चित्रपटसृष्टीत तो एकतीस वर्षं नायकांच्या वतीने पडला. नायक गच्चीवर चढायचा आणि पान्योंग गच्चीवरून पडायचा. नायक जीपमध्ये बसायचा, जीप पेटली की आतून पान्योंग निघायचा. एकशे साठ चित्रपट झाले. देशातल्या पोरासोरांनी त्याची पाठ पाहिलेली आहे. तोंड कुणीही पाहिलेलं नाही, कारण तोंड दिसलं असतं तर नायक पडला नाही हे उघड झालं असतं, आणि मग देशात विश्वास ठेवण्यासारखं काय राहिलं असतं?

माझ्या बायकोने, पुरिंगने, नेमक्या जागी चित्र थांबवलं. नानाय काठी टेकत उठल्या, टीव्हीपर्यंत गेल्या आणि काचेवर हात फिरवून म्हणाल्या, "ही बघा माझ्या पान्योंगची पाठ. उजवा खांदा जरा उतरता आहे. लहानपणी पाणी वाहून वाहून झालाय तो." मग जागेवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पाठ पुष्कळ पाहिली रे बाळा. डोळ्यांवर साय आलीय माझ्या. डोळे पुरते जायच्या आत एकदा तोंड दाखव की सिनेमात."

पान्योंग सवयीप्रमाणे भिंतीकडे वळला.

आता, मी नारळाच्या दारूचे तीन पेले घेतले होते हे खरं आहे. पण थोर कल्पनेचं श्रेय पेयाला देण्याची पद्धत मला मान्य नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नानाय, यंदा संत एलिहियोच्या जत्रेला चौकात सिनेमा लागेल. त्यात पान्योंगचं तोंड असेल. मी काढतो."

"तू?" पुरिंग म्हणाली. "पोल्दो, मागच्या महिन्यात पंख्याचं बटण काढलंयस तू. ते अजून खिडकीत पडलंय."

"बटण वेगळं, सिनेमा वेगळा."

"हो ना. बटण एकच होतं."

पण नानाय माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी नीट दिसत नसणार, तरी बघत होत्या. जत्रा दहा आठवड्यांवर होती.

कथा मी कचेरीत, मीटरच्या नोंदवहीमागे बसून दोन दिवसांत लिहिली. एका प्रसिद्ध नटीच्या जिवावर गुंड उठतात आणि एक प्रौढ, अबोल अंगरक्षक तिच्या वाटची गोळी स्वतःच्या छातीवर घेतो. अंगरक्षकच का, याला माझ्याकडे शास्त्रीय कारण होतं. अंगरक्षक नेहमी पुढे उभा राहतो. जो पुढे उभा राहतो, त्याचं तोंड दिसतं. अटर्नी बिबियानोंना हे पटलं नाही.

"त्यापेक्षा पाद्री कर त्याला," ते कुंपणावरून म्हणाले. "वेदीपाशी उभा राहिला की लोकांकडे सतत तोंडच."

"काही सांगू नका," आतून त्यांची बायको ओरडली. "आमच्या लहानपणी पाद्रीपण पाठच करून असायचा!"

त्यांच्या घरी या प्रश्नावर पुढे चार दिवस अबोला होता.

प्रसिद्ध नटी शोधावी लागली नाही, कारण सान एलिहियोत प्रसिद्ध व्यक्ती एकच आहे. मिस आमापोला. सत्तरच्या दशकात अकरा चित्रपटांत नायिका, आता चर्चजवळ स्वतःची बेकरी. आमच्या गावचे लोक तिच्या दुकानात पाव मागतानासुद्धा आवाज खाली आणतात. ती मूळची इथलीच, त्यामुळे गेली पंचवीस वर्षं गावात मूल जन्मलं की आईबापांना वाटायचं, पोराची निनांग असावी तर सिनेनटी. निनांग म्हणजे धर्ममाता. बाप्तिस्म्याला मूल हातात धरायचं आणि मग भेटवस्तू मागायला येईल म्हणून जन्मभर दर नाताळात त्याच्यापासून लपायचं, हे तिचं काम. मिस आमापोला अशी दोनशे चौदा जणांची निनांग आहे. हा आकडा मला पाठ होता. त्याचा अर्थ मात्र माझ्या ध्यानात आला नाही, आणि इथेच थोर माणसं फसतात.

"अट एकच," ती पिठाचे हात झटकत म्हणाली. "मी घाबरणार नाही. अकरा चित्रपट घाबरले. आता पन्नाशी उलटल्यावर कुणाला घाबरू?"

"पण मिस, गुंड अंगावर येतात तेव्हा—"

"येऊ देत. मी बघून घेईन. आणि अंगरक्षक कोण?"

"कुया पान्योंग."

तिने हातातला पाव खाली ठेवला. "पान्योंग... माणूस ओळखते मी. पण पाठमोराच."

कॅमेरा होता रुफोकडे. रुफो लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याच्याएवढा अनुभवी कॅमेरावाला तालुक्यात नाही. माणसापेक्षा हारतुऱ्यांकडे त्याचा कॅमेरा आधी वळतो आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये गुलाबी बदाम उमलतो, एवढंच त्याच्या कलेचं वैशिष्ट्य. "मारामारीत बदाम नको," असं मी त्याला तीनदा बजावलं. तो म्हणाला, "बघू. यंत्राला सवय झालीय."

गुंड म्हणून मी चौकातल्या ट्रायसिकलवाल्यांच्या, म्हणजे मोटारसायकलला डबा जोडून भाडं मारणाऱ्यांच्या, संघटनेचे बारा जवान निवडले. त्यांचा म्होरक्या दोमेंग. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या शिवणीत उसवलेल्या. आणि मग, कायद्याला धरून चालणारा नागरिक या नात्याने, मी चित्रीकरणाची परवानगी काढायला पोलीस चौकीवर गेलो. न जाता काढला असता तर चित्रपट तीन आठवडे आधी पुरा झाला असता. पण मी स्वतः कचेरीतला माणूस. अर्जाशिवाय मला शिंकसुद्धा येत नाही.

आमचे हेपे, म्हणजे पोलीसप्रमुख, टेबलावर पाय ठेवून नखं कापत होते.

"शस्त्रं?" त्यांनी विचारलं.

"बारा पिस्तुलं. प्लास्टिकची. पाणी उडवतात."

"निवडणूक लागलीय, सर पोल्दो. मतदान होईपर्यंत बंदूकबंदी. पिस्तुलासारखं दिसणारंही बाळगायचं नाही."

"मग सुरे?"

"ते सुऱ्यासारखे दिसत नाहीत, ते सुरेच असतात." त्यांनी माझी पिशवी ओढली, पिस्तुलं मोजून कपाटात ठेवली आणि रीतसर पावती दिली. "चित्रपटाचं नाव?"

"तुझ्या वाटची गोळी."

हेपेंची लेखणी थांबली. "बंदुकीची?"

"हो."

"बंदूकबंदीत बंदुकीची गोळी? वर पाठवलं तर मीच घरी जाईन. औषधाची लिहितो. लगेच मंजूर होईल."

अशा रीतीने माझ्या चित्रपटाची सरकारी नोंद 'औषधविषयक' अशी झाली. मी विरोध करणार होतो, पण ते पुढच्या रकान्यावर गेले होते.

"पात्रं?"

"नटी एक, अंगरक्षक एक, गुंड बारा."

"गुंडांची नावं, पत्ते, फोटो. तीन प्रती."

मी दुसऱ्या दिवशी कचेरीच्या टंकयंत्रावर व्यवस्थित यादी करून दिली. वर मथळा: 'सान एलिहियोतील गुंडांची यादी'. खाली माझी सही आणि शिक्का. काम नेटकं करण्याची मला खोड आहे. एक प्रत चौकीत राहिली, एक निवडणूक कचेरीत गेली आणि तिसरी, कशी ते देव जाणे, हमरस्त्यावरच्या नाक्यावर पोचली. तिथे निवडणुकीमुळे चोवीस तास तपासणी चालू होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात बारा ट्रायसिकली उभ्या राहिल्या. इंजिनं चालूच.

"सर पोल्दो," दोमेंग म्हणाला, "मी गुंड?"

"चित्रपटात रे."

"नाक्यावर कुठला आलाय चित्रपट? मागे माझी सासू बसली होती. शिपाई कागद काढतो आणि मोठ्यांदा वाचतो, 'दोमिंगो आलिबिन, गुंडांचा म्होरक्या.' सासू म्हणते, 'मला लग्नाच्या दिवशीच वाटलं होतं!'"

"माझी तर मोसंबीची करंडी उघडून बघितली," मागून एकजण म्हणाला. "एकेक मोसंबं दाबून."

"बायको विचारते, फोटो कुणी दिला? काय सांगू, मीच दिला? तोही इस्त्रीच्या शर्टातला?"

मी माझ्या आयुष्यातली उत्कृष्ट सरकारी भाषा त्या दिवशी लिहिली. 'प्रमाणित करण्यात येते की, सदर इसम केवळ चित्रपटापुरता व केवळ रविवारी गुंड असून इतर वारी सभ्य आहे.' बारा प्रती. हेपेंनी दोन तास विचार करून सही केली; त्यांच्या मते 'सभ्य' या शब्दाला आधार नव्हता. तिथे 'निरुपद्रवी' असं ठरलं. दोमेंगने त्याच्या प्रतीला प्लास्टिक चढवून ती ट्रायसिकलमध्ये संत एलिहियोच्या तसबिरीशेजारी लावली. गावात दाखला असलेला निरुपद्रवी माणूस तो एकटाच. गिऱ्हाईक वाढलं, असं तो म्हणतो.

शस्त्रांचा प्रश्न मी प्रतिभेने सोडवला. गुंडांच्या हातात नारळाच्या हिरांचे खराटे दिले आणि कथेत एक ओळ घातली: 'टोळी झाडूवाल्यांच्या वेषात येते.' अटर्नी बिबियानो म्हणाले, आता नाव बदल, 'तुझ्या वाटचा खराटा' कर. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष केल्याचं त्यांना कळावं म्हणून कुंपणाशी जाऊन केलं.

पहिला रविवार. चर्चच्या पायऱ्या. मिस आमापोला बाहेर येते, बाजूला काळ्या जाकिटात कुया पान्योंग. पायथ्याशी बारा खराटेवाले. समोर पिंपळाएवढ्या जुन्या बाभळीखाली छत्री धरून खुर्चीत नानाय बासिल्या. त्या दर रविवारी यायच्या. "आज दिसेल का तोंड?" एवढंच विचारायच्या.

मी ओरडलो, "चालू!"

पान्योंगने गर्रकन पाठ केली.

"कुया, तोंड इकडे."

"माफ कर, पोल्दो. कॅमेरा सुरू झाला की अंग आपसूक फिरतं."

पुन्हा "चालू!" पुन्हा पाठ. रुफोने युक्ती म्हणून कॅमेरा पलीकडे नेला. पान्योंग त्याच्याबरोबर फिरला. सूर्यफूल उन्हाकडे वळतं, तसा हा माणूस कॅमेऱ्यापासून वळतो. एकतीस वर्षांची तालीम. मी म्हटलं, निदान गुंडांचं तरी उरकून घेऊ. "दोमेंग, नटीवर झडप घाल! डोळ्यांत रक्त उतरलंय तुझ्या!"

दोमेंग खराटा उगारून, आरोळी ठोकत पायऱ्या चढला. मिस आमापोलासमोर पोचला. खराटा डाव्या हातात घेतला, वाकला, उजव्या हाताने तिचा हात धरून आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाला, "आशीर्वाद, निनांग."

"देव भलं करो," मिस आमापोला म्हणाली. "आई कशी आहे?"

"कट!" मी ओरडलो. "दोमेंग! तू तिला मारायला आलायस!"

"माहितीय सर. पण निनांग समोर आल्या की हात जातोच. बाप्तिस्म्यालाही त्याच, लग्नालाही त्याच. कपाळाला हात न लावता मारू कसं?"

"आधी मार, मग लाव!"

"असं कुठे असतं का, सर?"

तेव्हा त्या दोनशे चौदा आकड्याचा अर्थ मला लागला. बाराच्या बारा गुंड तिचे धर्मपुत्र होते. एकामागून एक चढले, एकामागून एक वाकले. नवव्या वेळी मी त्यांच्या तोंडावर फडकी बांधली. फडक्यासकट वाकले. मिस आमापोलाने एकाचं फडकं वर करून वास घेतला आणि फाडकन कानाखाली वाजवली. "सकाळी अकराला पितोस?" चार रविवार चाललेल्या चित्रीकरणात झालेली ही एकमेव मारामारी, आणि ती नटीने केली.

मागून कुणीतरी खिदळलं, "नाताळात निनांग सापडत नाहीत, आज सापडल्यात! रांग लावा रे!" आणि रांग खरंच लागली. चर्चमधून बाहेर पडणारी पोरंसोरंही तिच्यात घुसली.

चौथ्या रविवारी आमच्याकडे एवढं साहित्य जमलं होतं: पान्योंगची पाठ, चाळीस मिनिटं, गुंडांचे नमस्कार, अर्धा तास, चर्चबाहेरची फुलं, रुफोच्या मनाने, पंचवीस मिनिटं. जत्रा आठ दिवसांवर आली. गावात लोक मला थांबवून विचारू लागले, "सर, नाटक कुठवर आलं?" नाटक! पाण्याचं बिल थकवलेले लोक विचारायचे. मी त्यांची नावं लक्षात ठेवली.

दुपारी पान्योंगने मला बाजूला घेतलं. जाकीट काढून हातावर घेतलं होतं. "राहू दे, पोल्दो. तुझी हौस मला कळते. पण मला तोंड येत नाही. पाठ घे माझी. पाठ चांगली आहे."

"आणि नानाय?"

त्याने बाभळीखाली पाहिलं. नानाय छत्रीखाली डुलक्या घेत होत्या. काठी मांडीवर, चेहरा बरोबर चर्चकडे. "तिला सांगू, दिसलं तोंड. तिला तसंही नीट दिसत नाही."

हे तो हसून म्हणाला, पण ते हसणं मला बघवेना. मी दिग्दर्शक असून मला काही सुचत नव्हतं, हे इथे प्रांजळपणे नमूद करतो. पुन्हा करणार नाही.

मिस आमापोला पायरीवर बसून पंख्याने वारा घेत होती. ती म्हणाली, "पोल्दो, हे लोक वाकणारच ना?"

"त्याला मी काय करू, मिस?"

"वाकू देत. मी चर्चमधून बाहेर येते, बाराजण हात कपाळाला लावायला येतात. त्यांतल्या एकाच्या मनात काळं आहे. कुणाच्या? अंगरक्षकाला ते वाकलेल्या डोक्यांवरून ओळखायचंय. आता सांग, पान्योंग कुठे उभा राहील?"

"तुमच्या मागे. खांद्याशी."

"आणि कॅमेरा?"

"वाकणाऱ्याच्या मागे."

"मग तोंड कुणाचं दिसेल, मूर्खा?"

इथे मला सांगायला अभिमान वाटतो, की ही कल्पना मी तत्काळ उचलली. दुसरा एखादा दिग्दर्शक मानापमानात अडकला असता. मी फक्त पाच मिनिटं अडकलो.

नानायना जागं केलं. रुफोला सांगितलं, फुलांकडे बघितलंस तर लग्नाची दोन कामं काढून घेईन. बारा गुंड रांगेत. मिस आमापोला पुढे, मागे पान्योंग. मी म्हणालो, "चालू."

पान्योंगचा उतरता खांदा हलला. तो वळणार, एवढ्यात मिस आमापोलाचा डावा हात मागे गेला आणि तिने त्याचं मनगट पकडलं. समोरून ते दिसत नाही. ओठ न हलवता ती बोलत होती. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"पुलावरून माझ्यासाठी नदीत कोण पडलं होतं रे?"

"मी, मिस. बहात्तर साली."

"नायकाने माझा हात धरला, तू वाहून गेलास. तुझं तोंड बघायचं राहून गेलं होतं. आता पाठ फिरवून तर दाखव!"

तो वळला नाही. एकेक गुंड येत होता, वाकत होता, आणि पान्योंग त्या वाकलेल्या टाळूंवरून पुढे पाहत होता. त्या चेहऱ्यावर अभिनय नव्हता. एकतीस वर्षं ज्याच्यापासून पळाला, त्या काळ्या काचेकडे एक माणूस सरळ बघत होता आणि त्याला पळून जावंसं वाटत होतं, तरी उभा होता. अंगरक्षक याहून वेगळा काय असतो? दोमेंग आला, वाकला, हात कपाळाला लावला, पण इतरांसारखे डोळे मिटले नाहीत; तसंच ठरलं होतं. पान्योंगने ते हेरलं आणि खराटा उगारला जाताच झेप घेऊन तो छातीवर घेतला. खराट्याचे हिर चहूकडे उडाले. पान्योंग पायऱ्यांवरून गडगडत खाली आला. ते त्याला उत्तम येतं.

तोंड अकरा सेकंद दिसलं. मी मोजले. पाणीपुरवठ्यात मोजण्याचंच शिकवतात.

जत्रेच्या दिवशी अंधार पडल्यावर चौकात दोन बाभळींमध्ये चादर बांधली. पाद्रींनी प्रोजेक्टर दिला. निम्मं गाव चादरीच्या मागे बसलं, कारण तिकडे वारा होता. हेपेंनी हातातला कागद वाचून घोषणा केली, "आता औषधविषयक चित्रपट सादर होईल," आणि आरोग्य केंद्राच्या नर्सबाई डबा घेऊन गर्दीत शिरल्या. सरकारी नोंद बघून त्यांना वरून आदेश आला होता. तेव्हा गोळीच्या आक्षेपाचा समाचार इथे घेऊन टाकतो: चित्रपटात गोळी नसेल, पण आलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला एक मिळाली. जंताची. असं दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने केलं असेल तर दाखवा.

पहिल्या रांगेत मधोमध मिस आमापोला, शेजारी नानाय बासिल्या, त्यांच्या शेजारी पुरिंग. पान्योंगलाही खुर्ची ठेवली होती. पण जत्रेसाठी मनिलाहून, परगावांहून सगळे आलेले. दोनशे चौदा धर्मलेकरं, त्यांची लेकरं. मिस आमापोला बसली तसा त्यांचा लोंढा तिच्या हाताकडे लोटला. खुर्च्या कलंडल्या, नर्सबाईंचा डबा सांडला. पान्योंग उठला. त्याच काळ्या जाकिटात तिच्यासमोर उभा राहिला, गर्दीकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून. "एकेक. रेटू नका. तू मागे हो."

चित्रपट सुरू झाला. मी खुणा करत होतो, बस, मागे वळ, बघ. त्याने मान हलवली. "रांग मोठी आहे, पोल्दो."

आणि तो क्षण आला. चादरीवर कुया पान्योंगचं तोंड. चांगलं दहा फुटांचं. रुफोच्या यंत्राने सवयीप्रमाणे त्याच्याभोवती गुलाबी बदाम काढला होता आणि वरून पाकळ्या पडत होत्या. एरवी मी रुफोचा गळा धरला असता. पण चौकात कुणी हसलं नाही. रांगेतले लोक जागच्या जागी थांबले. मग चादरीच्या मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर पान्योंग!" आणि सगळं गाव ओरडलं, "पान्योंग! पान्योंग!" दोमेंगची सासूसुद्धा.

नानाय उठल्या. पुरिंगचा हात सोडवून घेतला, काठी टेकत चादरीपर्यंत गेल्या आणि हात वर करून त्या हनुवटीवरून फिरवला. मग मागे वळल्या. चादरीकडे पाठ असलेला त्या चौकात एकच माणूस होता. पण नानाय पुढे जाताना पडतील म्हणून तो तेवढा त्यांच्याकडे वळला होता. चादर त्याने पाहिली नाही. तो खाली, आईच्या पायांपुढच्या, चादर ताणलेल्या दोरीकडे बघत होता आणि मग तिच्या तोंडाकडे. त्याने काय पाहिलं, ते मला ठाऊक नाही. अकरा सेकंद संपले आणि तो पुन्हा गर्दीकडे वळला.

"नानाय," मी विचारलं, "दिसलं का तोंड?"

"दिसलं," त्या म्हणाल्या. "बापावर गेलाय. छान आहे. पण पाठीला तोड नाही."

अटर्नी बिबियानोंनी त्या रात्री कुंपणावरून माझा हात हातात घेतला. काही म्हणाले नाहीत. वकिलाकडून यापेक्षा मोठी कबुली निघत नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुया पान्योंग आमच्याकडे आला. दाढी केली होती. बराच वेळ पंख्याच्या बटणाबद्दल बोलला, ते बसवूनही दिलं. मग म्हणाला, "कसं आलंय रे? तोंड?"

"फार छान आलंय, कुया."

"बघू या का मग?"

रुफोने सगळा चित्रपट एका टेपवर उतरवून मला भेट दिला होता. जगातली एकमेव प्रत. पुरिंगने खुर्च्या मांडल्या. नानायना मधोमध बसवलं. मिस आमापोला पाव घेऊन आली, दोमेंग निरुपद्रवीपणे दारात उभा राहिला. पान्योंग पहिल्यांदाच टीव्हीकडे तोंड करून बसला. मी बेटामॅक्सवरचं झाकणाचं फडकं काढलं, ते पुसलं, डब्यातून टेप काढली.

टेप व्हीएचएसची होती.